मुलांना मका लावून दाखवायचाय? इंदूरकरांसाठी, पेरणीपासून भुट्ट्यापर्यंत

इंदूरच्या मुलांना भुट्ट्याचा कीस चांगला ठाऊक असतो. सराफ्यात रात्री उभ्या उभ्या खाल्लेला असतो, घरी आजीनं केलेला असतो. पण भुट्टा झाडाला लागतो कुठे, असं विचारून बघा. बरीच मुलं शेंड्याकडे बोट दाखवतील, एखादं भुईमुगासारखं जमिनीखाली सांगेल. त्यांचा दोष नाही. शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना दिसतं ते सोयाबीन. मका डोळे भरून पाहायचा तर धार-झाबुआकडे जावं लागतं, नाहीतर घरीच लावावा लागतो.

आमच्या कॉलनीतल्या मुलांना घेऊन मी पावसाळ्यात मका लावते. मुलांना झाड शिकवायला याच्याइतकं सोयीचं पीक नाही, असं माझं मत झालंय. बी मोठं, चिमटीत धरता येतं. आठवड्याच्या आत उगवतं, महिना-सव्वा महिन्यात लहान मुलाच्या कमरेला लागतं. आणि मुख्य म्हणजे नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, दोन्ही भिंगाशिवाय दिसतात. जास्वंद कापून पुंकेसर-स्त्रीकेसर दाखवताना जांभया देणारी मुलं इथे प्रश्न विचारू लागतात.

लोकांचं कुठे बिनसतं ते आधीच सांगते. हौसेनं एका कुंडीत एक झाड लावतात. झाड झकास वाढतं, कणीसही धरतं, आणि सोलल्यावर आत चार दाणे. मूल हिरमुसतं, आई म्हणते, "आपल्याकडे नाही होत बाई." होतं. फक्त मका एकटा लावायचा नसतो. का, ते सहाव्या पायरीत येईल.

आधी जमवून ठेवा

- बियाणं: मूठभर पुरे
- जागा: अंगणात साधारण दीड-दोन मीटर लांब-रुंद तुकडा, किंवा गच्चीवर अर्धे कापलेले ड्रम नाहीतर किमान १२ इंच खोल ग्रो बॅग
- माती, आणि तिच्या निम्म्याच्या आसपास कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट
- काचेची रुंद तोंडाची बरणी, टिपकागद किंवा पेपर नॅपकिन
- मोजपट्टी, लाल दोरा, वही
- बटर पेपर, स्टेपलर, जुने मोजे (गंमत नाही, लागतात)
- औषधाच्या दुकानातलं आयोडिनचं द्रावण, अगदी थोडं
- गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची परवानगी, शक्यतो लेखी. ओली माती फार जड असते. ड्रम गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीच्या कडेनं मांडा, आणि खाली पाणी जायला वाट ठेवा. झिरपलं की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

१. वेळ साधा

मका उन्हाळ्यातही येतो, पण पाणी घालून घालून जीव जातो. आपल्याकडे जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागतो. एक-दोन चांगल्या सरी पडून गेल्या की पेरा. जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा ही उत्तम वेळ. तेव्हा पेरलं की गणपतीच्या दिवसांच्या आगेमागे तुरे-कणसं दिसतात आणि खायचे भुट्टे बहुधा सप्टेंबरात हाती येतात.

अंगणात आपली काळी माती असेल तर एक पथ्य पाळा. पाऊस थांबल्या थांबल्या पेरायला धावू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत होऊ द्या. चिखलात टोकलेलं बी कुजतं. मक्याला पाणी हवं असतं, साचलेलं पाणी मात्र बिलकूल सोसत नाही, आणि काळी माती पाणी धरून बसते. म्हणून वीतभर उंचीचे वरंबे करून त्यावर लावा.

२. बियाणं: इथे सावध राहा

बी-बियाण्याच्या दुकानातलं मक्याचं बी बरेचदा गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असतं. तो रंग म्हणजे बुरशीनाशकाचा, कधी कीटकनाशकाचा लेप. गोळ्या-चॉकलेटसारखं दिसतं, आणि लहान मूल ते तोंडात घालू शकतं. मुलांबरोबर पेरायचं असेल तर असं बी आणूच नका. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "बिना दवाई का बीज चाहिए." नाहीच मिळालं तर टोकणी मोठ्यांनी हातमोजे घालून करावी.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे किराण्यातले सुटे पॉपकॉर्नचे दाणे. सियागंजात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, त्यावर लेप नसतो आणि बहुतेक दाणे रुजतात. मायक्रोवेव्हचं पाकीट नको, त्यात तेल-मीठ असतं. बाजारातून आणलेल्या ओल्या भुट्ट्याचे दाणेही पेरू नका, ते पक्व झालेले नसतात.

शक्य असेल तर तीन तऱ्हा आणून मुलांपुढे ताटलीत ठेवा: देशी मका, स्वीट कॉर्न, पॉपकॉर्न. देशी दाणा टपोरा. पॉपकॉर्नचा लहान, कडक, कधी टोकदार. स्वीट कॉर्नचा सुरकुतलेला, कारण त्यात साखर जास्त आणि पिठूळ भाग कमी, म्हणून वाळला की आक्रसतो. मुलांना हे सांगायची घाई करू नका. "हा असा का दिसतो?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

पण तिन्ही एकत्र पेरू नका. मक्यात बापाचा गुण त्याच वर्षी दाण्यात उतरतो. स्वीट कॉर्नच्या केसांवर देशी मक्याचे पराग पडले तर ते दाणे गोड होत नाहीत, पिठूळ होतात. खायला स्वीट कॉर्न हवा असेल तर तेवढाच लावा.

याच गुणाचा एक सुरेख प्रयोगही होतो. पांढरा देशी मका मिळाला तर तो आणि पिवळा शेजारी शेजारी, एकाच दिवशी पेरा. पांढऱ्याच्या कणसात मधूनमधून पिवळे दाणे भरतात. मूल बोट ठेवून म्हणतं, "हा त्या झाडाचा." आनुवंशिकतेचा धडा शाळेत येईल तेव्हा येईल. असे रंगीबेरंगी दाणे निरखतच बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी जनुकं जागा बदलतात हे ओळखलं, आणि १९८३ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. नववी-दहावीतल्या ताईला हे जरूर सांगा, लहान्याला नको.

३. पेरणीआधी बरणी

जमिनीत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून मुलं दुसऱ्या दिवशी बी उकरून बघतात. त्यावर उपाय हाच. दाणे रात्रभर भिजवा. बरणीच्या आतून टिपकागद लावून ओला करा आणि काच व कागद यांच्यामध्ये दाणे सरकवा: एक टोक खाली, एक टोक वर, एक आडवा. तळाशी दोन बोटं पाणी. दाणे पाण्यात बुडाले तर सडतात.

दोन-तीन दिवसांत मूळ दिसतं, मग कोंब. दाणा कसाही ठेवलेला असो, मूळ वळून खालीच जातं. कोंब टोकदार म्यानात असतो आणि म्यान फोडून पान बाहेर येतं. शेजारी दुसऱ्या बरणीत चवळी लावलीत तर आणखी छान. चवळीचा दाणा दुभंगून वर येतो, मक्याचा दाणा आपल्या जागी बसून कोंबाला पोसतो.

एक भिजलेला दाणा मोठ्यांनी उभा चिरावा. एका बाजूला अंकुराचा पांढुरका भाग, बाकी सगळी शिदोरी. चिरलेल्या बाजूवर आयोडिनचा थेंब टाका: पिठाचा भाग काळा-निळा होतो, अंकुर फारसा रंगत नाही. आयोडिन लागलेला दाणा लगेच टाकून द्या आणि हात धुवायला लावा.

४. टोकणी

एका लांब ओळीत लावू नका. चौकोन करा: चार ओळी, प्रत्येकीत चार झाडं. जागा अगदीच कमी असेल तर तीन-तीन. अंगणात दोन ओळींत ६० सेंटीमीटर, दोन झाडांत २०-२५ सेंटीमीटर. अर्ध्या ड्रममध्ये चार झाडं, १२ इंची बॅगेत दोन, आणि सगळ्या बॅगा एकमेकींना चिकटून.

खोली मोजायला मुलाचंच बोट वापरा. दोन पेरं आत गेलं की झालं. प्रत्येक खड्ड्यात दोन दाणे, वर सैल माती. वर राहिलेलं बी खार उचलते, फार खोल गेलेलं उगवताना दमतं. प्रत्येक मुलाला त्याचं झाड नेमून द्या आणि आइस्क्रीमच्या काडीवर नाव लिहून रोवा. एखाद्याचं उगवलं नाही तर रडारड होते, म्हणून कोपऱ्यात गुपचूप चार-पाच जादा दाणे टोकून ठेवा.

५. पहिला महिना

पावसाळ्यात चार ते सात दिवसांत हिरव्या सुया वर येतात. मक्याचं रोप गवताच्याच कुळातलं, त्यामुळे उत्साही मूल तण समजून मकाच उपटतं. सुरुवातीची खुरपणी स्वतः करा. आठ-दहा दिवसांनी एका खड्ड्यातलं कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

वहीत आठवड्यातून एकदाच उंची लिहायला सांगा. रोज मोजायला लावलं की चौथ्या दिवशी वही हरवते. पाचव्या पानाला लाल दोरा सैल बांधा. खालची पानं पुढे वाळून गळतात, मग पानं मोजताना गोंधळ होतो. दोरा असला की तिथून पुढे मोजता येतं.

या काळात गोगलगाईनं किंवा शेळीनं शेंडा खाल्ला तरी लगेच हार मानू नका. पहिले तीन-एक आठवडे मक्याचा वाढणारा कोंब जमिनीखालीच असतो, वर दिसतात ती नुसती पानं. बहुतेक रोपं पुन्हा फुटतात.

गुडघ्याएवढं झालं की मुठी-दोन मुठी कंपोस्ट आणि बुंध्याला मातीची भर. मका खादाड आहे. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेनं पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडतंय असं समजा, आणखी खत द्या. पुढे बुंध्यापासून जाड मुळं हवेतच फुटून जमिनीकडे येतात. ती आधारमुळं. मुलांना हात लावून बघू द्या, कापू देऊ नका. पानांच्या कडा धारदार असतात, झाडांत शिरायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. आणि पावसाळा आहे, दाटीत हात घालण्याआधी मोठ्या माणसानं काठी आपटून घ्यावी.

६. तुरा आणि केस: यासाठीच सगळा खटाटोप

पेरणीनंतर सात-आठ आठवड्यांनी शेंड्यातून तुरा निघतो. ही नर फुलं. दोन-चार दिवसांत खाली पानाच्या बेचक्यात कणीस फुगतं आणि त्याच्या टोकातून ओलसर, चिकट, फिकट हिरवे केस बाहेर पडतात. ही मादी फुलांची टोकं. एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केसावर वरून पराग पडला पाहिजे, तेव्हाच त्या केसाच्या मुळाशी दाणा भरतो.

हे काम वारा करतो. एकट्या झाडाचे पराग वाऱ्यानं भलतीकडे जातात, स्वतःच्या केसांवर थोडेच पडतात. लांब एकेरी ओळीचंही तेच. चौकोनात कुठूनही वारा आला तरी कुणाचे ना कुणाचे पराग कुणाच्या तरी केसांवर पडतात.

सकाळी दव वाळल्यावर, नऊ ते अकराच्या सुमारास, मुलांना घेऊन जा. तुऱ्याखाली काळा कागद धरून धांडा हलकेच हलवा. कागदावर पिवळी भुकटी पडते. त्या भुकटीत दुसऱ्या झाडाचे केस मुलाला बुडवू द्या, किंवा मऊ कुंचल्यानं लावू द्या. असं चार-पाच दिवस करा, कारण सगळे केस एका दिवशी येत नाहीत: बुडख्याच्या दाण्यांचे आधी, टोकाच्यांचे शेवटी. भुट्ट्याचं टोक पुष्कळदा रिकामं राहतं त्यामागे हेही एक कारण. पाऊस सतत लागून असेल तर उघडीप मिळेल तेव्हा उरका. ज्या मुलाला परागांनी शिंका येतात त्याला वही सांभाळायचं काम द्या.

आता दोन कणसं प्रयोगासाठी राखून ठेवा.

पहिलं: केस दिसायच्या आधीच त्यावर बटर पेपरची पिशवी चढवून स्टेपल करा. केस एकदा बाहेर आले की उशीर झाला, पराग लागलेले असू शकतात. आत केस लांबच लांब वाढत राहतात, परागाची वाट बघत. बाकीच्या कणसांचे केस तपकिरी होऊन सुकतात, याचे नाहीत. शेवटी सोललं की नुसतं बुरकुंड, दाणा एकही नाही.

दुसरं: पराग लावल्यानंतर चार-पाच दिवसांनी एक कणीस तोडा. हे मोठ्यांनी करायचं. धारदार चाकूनं वरच्या पानांना उभी चीर द्या आणि ती केसांना धक्का न लावता एकेक करून सोडवा. आत बोटभर जाडीचं पांढरं कणीस, त्यावर पाण्याच्या थेंबांएवढे दाणे, आणि प्रत्येक दाण्यापासून निघून टोकाकडे गेलेला एकेक केस. मुलाला एक केस बोटानं धरून मुळापर्यंत जायला सांगा. मग कणीस आडवं धरून हळूच झटका. फळलेल्या दाण्यांचे केस सुटून खाली पडतात, न फळलेल्यांचे चिकटून राहतात. किती चिकटले यावरून उरलेल्या भुट्ट्यांचा अंदाज येतो. गेल्या काही वर्षांत मी मुलांना जे जे दाखवलं, त्यात हे पाहून मुलं जितकी गप्प झाली तितकी कशानंच नाही. एक भुट्टा वाया गेला म्हणून हळहळू नका.

७. वाटेकरी

पोपट, खारी आणि काही कॉलन्यांत माकडं. केस सुकले की कणसावर जुना मोजा चढवा. आधी चढवलात तर पराग अडतील. माकडांवर उपाय मला सापडलेला नाही.

दुसरी अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि बघता बघता सगळीकडे पसरली. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसली, पानांवर ओळीनं भोकं दिसली की ती आत आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, यावरून ओळखा. दहा-बारा झाडांना हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं पुरतं. फार तर निंबोळी अर्क. मुलांच्या हाती येणाऱ्या झाडावर रासायनिक फवारा मारू नका.

८. भुट्टा कधी काढायचा

केस येऊन अठरा ते बावीस दिवस झाले, केस तपकिरी झाले, कणीस हाताला भरीव लागलं, की टोकाची पानं जरा बाजूला करून एका दाण्यात नख रुतवा. पाणी आलं तर थांबा. दूध आलं तर तोडा. पिठूळ लागलं तर उशीर झाला, तो आता वाळवण्यासाठी ठेवा.

स्वीट कॉर्न तोडला की त्यातली साखर पिठात बदलू लागते, म्हणून भांडं चुलीवर ठेवूनच भुट्टा तोडायला जावं. कीस करायचा तर मात्र देशीच हवा. स्वीट कॉर्नचा कीस पाणचट आणि नको इतका गोड होतो, यावर आमच्या गल्लीत तरी दुमत नाही. मुलांना किसणीवर किसू द्या (बोटं सांभाळून). तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यात कीस परतायचा, दूध घालून शिजवायचा, वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर. ताटलीत येईपर्यंत मुलांना दाण्यांच्या ओळी मोजायला बसवा. ओळी जवळजवळ नेहमी सम निघतात: बारा, चौदा, सोळा. कणसावर मादी फुलं जोडीजोडीनं येतात, म्हणून. विषम ओळी शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस लावा, तुमचे पैसे बहुधा वाचतील.

जेवताना कुणी विचारलंच की भुट्टा पहिल्यापासून माळव्यातला का, तर सांगा: मूळ मेक्सिकोतलं. तिथल्या लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो निवडत निवडत घडवला. त्या गवताच्या कणसात पाच ते बारा दाणे असतात, तेही दगडासारख्या कवचात.

९. राहिलेली कणसं आणि धांडे

पॉपकॉर्न लावला असेल तर घाई नको. कणसं झाडावरच पिवळी पडून वाळू द्या, मग सोलून सावलीत टांगा. दाण्यात साधारण १४ टक्के पाणी उरलं की लाही उत्तम फुटते. हे घरी मोजता येत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा पाच-सहा दाणे झाकणाच्या कढईत टाकून बघा. फुटताना चिवट लागली तर अजून ओलं आहे. आतलं पाणी १८० अंशांच्या आसपास तापलं की वाफेच्या दाबानं कवच फुटतं आणि पीठ फुगून बाहेर येतं. कढईपासून मुलांना हातभर लांब उभं करा.

पुढच्या वर्षासाठी बी ठेवायचं तर देशी वाणाचं ठेवा, चांगल्या भरलेल्या कणसाच्या मधल्या दाण्यांचं. संकरित बियाणं ठेवून पेरलं तर झाडं सारखी येत नाहीत, एक उंच, एक खुजं. मुद्दाम तेच दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

धांडे कचरागाडीत टाकू नका. वीत-वीत तुकडे करून शेण, माती आणि थोड्या राखेबरोबर थरावर थर रचा, ओलं ठेवा, दोन-तीनदा खालीवर करा. ही रीत जगात 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत ती बसवली, आणि १९३५ मध्ये गांधीजी ती पाहायला तिथे गेले होते. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. जाड बुंधे लवकर कुजत नाहीत, ते आधी ठेचून घ्या. ठेचायचं काम मुलांना द्या, आनंदानं करतात. दिवाळीच्या सुमारास रचलेला ढीग पुढच्या पेरणीपर्यंत आरामात तयार होतो.